साखराबाईचं काळं बोट

साखराबाईचं नाव ज्यानं ठेवलं तो मला भेटला असता तर विचारलं असतं, बाबा, पाळण्यात वाकून बघितलं तरी होतंस का? या बाईच्या तोंडून गोड शब्द ऐकलेला माणूस आमच्या वाडीत नाही. वाडी कोणती ते विचारू नका. बीडकडच्या पालीच्या जवळ आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आमचे सरपंच विठ्ठलराव उद्या सकाळी माझ्या दारात उभे राहतील, आणि मला या वयात पळता येत नाही.

साखराबाई देवकते. मेंढरामागं फिरून वाळलेली, बाभळीच्या काठीसारखी बाई. तिला कशाचाही राग येतो. एस.टी. उशिरा आली तर येतोच, पण वेळेवर आली तरी येतो, कारण मग कंडक्टरला बोलायला काही उरत नाही. मोबाइलमधली बाई म्हणाली, की आपण ज्यांना फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत, तर साखराबाई तिला विचारते, "मग तू कावून बोलायलीस गं मधीच? तुला कोन इचारलं?" प्रत्येक मेंढीला ती खानदानासकट ओळखते आणि खानदानासकट शिव्या घालते. "तुझी आईबी अशीच लबाड व्हती, ऊस दिसला की लंगडायची!" तिचा नवरा म्हाळू अगदीच अबोल. तो बोलतो की नाही यावर आमच्या हॉटेलात पैजा लागतात. माझं मत असं, की त्याला बोलता येतं. फक्त अजून पाळी आलेली नाही.

हसा तुम्ही. मीही हसत आलो. पण या रागाचं पीठ कुठं दळलं गेलं तेही सांगायला पाहिजे.

दिवाळी झाली की ही दोघं मेंढरं घेऊन खाली माजलगावाकडं उतरतात. तिकडं धरणाचं पाणी, कालवे, उसाचं रान. शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतो, कारण लेंडीखत फुकटात मिळतं. आज ज्याच्या वावरात मेंढरं बसली तो पाणी देतो, भाकर देतो, आक्का म्हणतो. उद्या त्याच्याच बांधाला एक मेंढरू लागलं तर तोच काठी घेऊन येतो. लेंड्या पाहिजेत, मेंढरं नकोत. मग कोणीतरी येऊन विचारणार, "तुमी कुठले? इथं कावून थांबले?" दवाखान्यात गेलं तरी तेच, पोलीस भेटला तरी तेच. आयुष्यभर ज्याला 'तुम्ही कुठले' एवढंच विचारलं गेलं, त्याचं डोकं कशानं थंड राहील? म्हाळूनं त्यावर गप्प राहायचं ठरवलं. साखराबाईनं नाही ठरवलं.

म्हणून मतदानाचा दिवस म्हणजे तिचा दिवस. त्या दिवशी शाळेत टेबलामागचा माणूस यादीत बोट फिरवतो आणि मोठ्यानं वाचतो, "साखराबाई म्हाळू देवकते." सगळ्यांसमोर. हिचं नाव सरकारी माणूस मोठ्यानं वाचतो आणि पुढं 'कुठले' असं विचारत नाही, ही जगातली एकच जागा. त्या दिवशी ती असेल तिथून येते. आता मेंढरांजवळ एकाला थांबावंच लागतं, म्हणून म्हाळू तिकडंच राहतो. त्याचं मत वाया जातं. म्हणजे ती एकटी मत देते ते दोघांचं मिळून असतं, असं ती म्हणते. म्हाळूला विचारलं का, असं मी एकदा म्हणालो. "त्याला काय इचारायचं? त्यानं कधी न्हाई म्हनलंय का?" हे मात्र खरं.

या वेळच्या पंचायतीला तर तिला यायलाच पाहिजे होतं. विठ्ठलराव पुन्हा उभे होते आणि त्यांच्या मनात गायरान होतं. वाडीच्या वरच्या अंगाला जे माळरान आहे तेच. तिथं सोलारच्या प्लेटा बसवून भोवती तारेचं कुंपण करायचं, असा त्यांचा बेत. पावसाळाभर साखराबाईची मेंढरं चरतात तीच जागा. विरोधात शहादेव उभा होता. शहादेव सज्जन आहे. सज्जन आहे यापलीकडं त्याच्याबद्दल सांगण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही. पण तो म्हणाला होता की गायरानाला हात लावू देणार नाही, तेवढं साखराबाईला पुरे होतं.

तर मतदानाच्या आदल्या दिवशी ती माजलगावाहून आली, पालीत उतरली आणि तडक कासमच्या दुकानात शिरली. भांडायला.

कासम फोटोवाला. दुकानाचं नाव अलमास फोटो स्टुडिओ. अलमास हे त्याच्या बायकोचं नाव, आणि पाटी लागली ती निकाह ठरायच्या आधी. सासऱ्यानं ती पाटी वाचली तेव्हा काय झालं ते पालीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, मी सांगितलं असं सांगू नका. आता दुकान मुलगा जाकीर चालवतो. लग्नं, ड्रोन, मोठमोठे अल्बम. कासमची डार्करूम होती तिथं आता फ्लॅशच्या छत्र्या आणि दिव्यांचे स्टँड ठेवलेत. ब्रोमाइडचा कागद मिळेनासा झाला तेव्हा कासम आठवडाभर रिकाम्या डार्करूममध्ये जाऊन बसायचा. त्या कागदावर चांदी असायची, ब्रोमाइडच्या रूपातली. तिला उजेड लागला की ती काळी व्हायची, जिथं नाही लागला तिथं पांढरी राहायची, आणि त्या काळ्या-पांढऱ्यातून आपले आजे-पणजे उभे राहायचे. कासमचं सगळं आयुष्य त्या काळं पडण्यावर चाललं. मग त्यानं बसल्या बसल्या नवीनच खूळ काढलं. बीडच्या केमिकलच्या दुकानातून सिल्व्हर नायट्रेट आणायचं, तेच, जे शाळेत मास्तर मिठाच्या पाण्यात टाकून दह्यासारखा पांढरा साका दाखवतात. साधा जाड कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, अंधाऱ्या खोलीत त्यावर ब्रशनं हे चांदीचं पाणी फिरवायचं, पुन्हा वाळवायचं, वर कडुलिंबाची डहाळी ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. डहाळीभोवतीचा कागद तांबूस, मग चॉकलेटी, मग काळपट होतो. मग हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या पाण्यात, धुवायचं, नाही तर पांढरी राहिलेली डहाळीही काळी पडते. अशी कडुलिंबाची, गुलमोहराची, एकदा तर बोंबलाची चित्रं त्याच्या भिंतीवर लागलीत. जाकीर म्हणतो, अब्बांना काम नाही.

साखराबाई आत शिरली तेव्हा कासम त्या खोलीतून ब्रश आणि काळ्या काचेची बाटली घेऊन बाहेर येत होता.

"कासमभाई, तुझ्या पोरानं माझ्या मेंढ्याचा कान खाल्ला!"

"बैठो तो सही आक्का. काय झालं?"

"विम्याचा फोटो काढला त्यानं. फोटोत मी हाय, माझं लुगडं हाय, मेंढ्याचं बूड हाय. कानातला बिल्ला कुठंय? विमेवाला म्हनतो, हा मेंढा कोनाचा? मी म्हनलं, तुझ्या बापाचा."

कासमनं चहा सांगितला. चहानं ती शांत होत नाही, पण पिताना बोलता येत नाही, तेवढा वेळ मिळतो. तेवढ्यात त्याला तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखाच्या कडेला, चामखीळ दिसली.

"ही कधीपासून?"

"हाय लई दिवसांची. लोकर कातरताना अडकती अन् रगत निघतं."

"माझे वालिद ह्याच पान्यानं चामखीळ जाळायचे. थेंब लावू?"

"काय हाय त्यात?"

"चांदी."

"चांदी? मग थेंब कावून लावतो? नीट लाव की. कंजूष मेला!"

कासमनं थेंब लावला होता. तिनं बोट मागं घेतलं नाही. "इकडं लाव. नखावर. त्या अंगाला. चांदी काय तुझ्या घरच्यांनी खायची हाय का?" कासमही पडला हौशी. त्यानं ब्रश भरून घेतला आणि नखापासून सांध्यापर्यंत बोट असं रंगवलं, की त्याच्या कागदालाही तो इतक्या प्रेमानं कधी रंगवत नसेल. "जरा काळं पडेल बरं का," तो म्हणाला, "आठ-पंधरा दिवसांत जाईल."

"पडू दे. मला कुठं कोनाच्या लग्नात नाचायचंय?"

आणि ती वाडीकडं निघाली. भर दुपारची, उन्हातून, हात हलवत.

इथं मला कासमचा खरा राग येतो. हा माणूस दर निवडणुकीला फाट्यावर उभा राहून मत देऊन आलेल्यांना सांगत असतो, "तुमच्या बोटावर माझाच धंदा हाय! सरकारच्या शाईतबी चांदी, माझ्या कागदातबी चांदी, ऊन लागलं की दोनी काळे!" हे ज्याला पाठ आहे त्याला, उद्या मतदान आहे आणि हे डाव्या हाताचं पहिलं बोट आहे, एवढं सुचू नये? नाही सुचलं. चामखीळ दिसली, बाटली हातात होती, आणि बऱ्याच दिवसांत कुणी त्याच्याकडं कौतुकानं काही मागितलं नव्हतं.

सकाळी शाळेच्या पटांगणात रांग लागली. मी रांगेत होतो म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. जे बघितलं नाही ते ऐकलं, आणि ते मी जास्त नीट ऐकतो. साखराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. चुन्याच्या रेघेबाहेर विठ्ठलराव पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे. त्यांनी स्वतः अजून मत दिलं नव्हतं. त्यांच्या ज्योतिष्यानं दुपारचा मुहूर्त काढून दिला होता. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. मागच्या खेपेला मुहूर्त साधला म्हणून निवडून आलो अशी त्यांची श्रद्धा. मागच्या खेपेला समोर कुणी उभंच नव्हतं, याची त्यांना कोणी आठवण करून देत नाही.

साखराबाईचा नंबर आला. टेबलामागच्या माणसानं मोठ्यानं वाचलं, "साखराबाई म्हाळू देवकते." ती ताठ झाली. शाईवाल्यानं मार्कर उघडला, तिचा डावा हात धरला आणि थांबला.

"साहेब, हे बघा."

केंद्राध्यक्ष साहेब उठून आले. कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यातले, चष्म्याचे, कपाळाला आठी. बोट बघितलं, आठी वाढली.

"आजी, तुम्ही मतदान केलेलं आहे."

"कुठं? आत्ता तर आले मी!"

"बोटाला शाई आहे तुमच्या. नखावर, कातडीवर. हे काय आहे मग?"

"त्ये औषिध हाय. चामखिळीचं."

"औषध," साहेब शाईवाल्याकडं बघून हसले. "आजी, तुम्ही मेंढपाळ ना? माजलगावकडं असता? तुमच्या लोकांची नावं दोन-दोन गावांत असतात. तिकडं दिलं असेल मत. चला, रांग अडवू नका."

तुमच्या लोकांची. मी दारात होतो, मी ऐकलं. माझ्याच कानशिलात कुणी दिल्यासारखं झालं, तर तिचं काय झालं असेल!

"आमचे लोक?" ती म्हणाली. आवाज अजून खालीच होता, आणि ज्यांना ती माहीत आहे ते दोन पावलं मागं सरकले. "आमच्या लोकांचं एका गावात नाव ठिवायला जागा न्हाई, अन् दोन गावांत कोन लिवील रं? बघ त्या यादीत. माझ्या नावापुढं टिक हाय का? न्हाई ना? मग मत कुनी दिलं, माझ्या मेंढरानं?"

"यादीत नसली तरी बोटावर आहे. बोटावर खूण असलेल्याला मत देता येत नाही. नियम आहे."

"नियम! चामखिळीचाबी नियम हाय का तुझ्याकडं?"

पोलिसानं तिला बाहेर आणलं. हाताला धरून नाही; तिच्या हाताला धरायची हिंमत कोणाची? पुढं पुढं चालून, मागं बघत, असा.

पटांगणात तोवर बातमी पोचली होती, आणि पोचता पोचता बदललीही होती. आमच्या भागात मतदानाच्या आदल्या रात्री काही लोकांची बोटं काळी केली जातात, म्हणजे त्यांनी दुसऱ्या दिवशी मत द्यायला येऊ नये. त्याबद्दल काय मिळतं ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. रांगेत रुक्मिणीबाई होती. ही बाई म्हणजे आमच्या वाडीचा लाऊडस्पीकर. त्या खात्यात माझ्यानंतर तिचाच नंबर लागतो. ती पदराआडून म्हणाली, पण अशी की शेवटच्या माणसाला ऐकू जावं, "बोट विकलं वाटतं हिनं. विठ्ठलरावाला."

साखराबाई थांबली. वळली. मी तिला चाळीस वर्षं ओरडताना बघतोय, पण त्या क्षणी ती ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं.

"रुक्मे," ती म्हणाली, "पुन्यांदा म्हन."

रुक्मिणीबाईनं पदर तोंडावर ओढला. विठ्ठलराव मात्र मधे पडले, हात जोडलेलेच. "जाऊ द्या हो आक्का. झालं ते झालं. घरी जावा, ऊन व्हतंय." आणि असे हसले, जणू सगळं त्यांच्याच घरी ठरलं होतं. खरं म्हणजे या वेळी त्यांचा काही हात नव्हता. पण न केलेल्या करामतीचं श्रेय मिळत असेल तर सोडायचं कशाला? त्या हसण्यानं जी काही शंका होती ती लोकांच्या मनात पक्की झाली. बाईचं मत गेलं ते गेलंच, वर तिनं ते विकलं असंही ठरलं. ज्या एका जागी तिचं नाव मोठ्यानं वाचलं जायचं, तिथंच आता ते थुंकल्यासारखं घेतलं जात होतं.

शहादेवला बाजूला घेऊन तिनं फक्त एवढं म्हटलं, "तुझी मोटारसायकल काढ अन् त्या कासम्याला आन. बाटलीसकट."

कासम आला तो मागच्या सीटवर बाटली आणि ब्रश पोटाशी धरून. तिचं बोट बघितलं आणि त्याचा चेहरा धुतलेल्या कागदासारखा झाला. "या अल्ला! आक्का, मला माफ करा. मला सुचलंच न्हाई..."

"माफी घरी माग. आत्ता बोल. ह्या समद्यांसमोर बोल."

साहेब दारात आले होते. कासमनं सांगायला सुरुवात केली. चांदी, मीठ, ऊन, ब्रोमाइड, त्याचे वडील, कडुलिंबाची डहाळी, सगळं एकाच दमात. घाबरला की तो असाच बोलतो. कुणाला काही कळलं नाही. साहेबांनी हात वर केला. "हे बघा, ही प्रयोगशाळा नाही. उद्या कोणीही बाटली घेऊन येईल. मी काय बघितलं? काळं बोट बघितलं."

"मग आता बघा ना साब! आत्ता लावून दाखवतो. पानी दिसतं, उन्हात काळं व्हतं."

"माझ्या बोटाला नका लावू," साहेब झटकन मागं सरले.

आणि इथं विठ्ठलरावांच्या अंगात आलं. पटांगणभर लोक, सगळ्यांचे कान इकडं, मुहूर्ताला अजून वेळ. अशी गंमत ते हातची सोडतील का? पुढं झाले, डावा हात कासमसमोर धरला. "घे. लाव माझ्या बोटाला. बघू दे लोकांना तुझं जादूचं पानी."

"मालक, राहू द्या," कासम म्हणाला. "तुमी अजून मत..."

"लाव म्हनतो ना बे!"

कासमनं ब्रश पाठीमागं नेला. साखराबाईनं त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, बाटलीत बुडवला आणि विठ्ठलरावांचं बोट धरून रंगवलं. नखापासून सांध्यापर्यंत, आजूबाजूनं, खालून-वरून. मेंढीच्या पाठीवर रंगानं जशी खूण करते, तशी. विठ्ठलरावांनी बोट वर धरलं, सगळीकडं फिरवलं. "कुठंय काळं? आँ? पानी हाय पानी! आपल्या बिंदुसरा नदीचं!" लोक हसले. साहेब हसून आत गेले. रुक्मिणीबाईचं हसू तर पदरात मावेना. साखराबाई शाळेच्या पायरीशी जाऊन उकिडवी बसली आणि विठ्ठलरावांच्या हाताकडं बघत राहिली. तिथून ती उठलीच नाही.

विठ्ठलराव पुन्हा रेघेबाहेर जाऊन हात जोडून उभे राहिले. उन्हात. येणाऱ्याला राम राम, जाणाऱ्याला राम राम, म्हातारीला वाकून नमस्कार. आधी नखाची कड तपकिरी झाली. मग सांध्याजवळ जांभळट छटा आली. घामानं ओलं झालेलं बोट, वर मोकळं ऊन, कासमच्या कागदाला याहून काय वेगळं लागतं? माझं मत देऊन झालं होतं, तरी मी पटांगणातच रेंगाळत होतो; शेजारच्या माणसानं ते बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी शाळेच्या पत्र्याकडं बघितलं. सगळ्या रांगेला दिसत होतं, आणि रांगेत त्यांचीही माणसं होती. पण एकानंही त्यांना सांगितलं नाही. इतकी शिस्त आमच्या वाडीत मी आधी कधी बघितली नव्हती. रुक्मिणीबाईसुद्धा गप्प बसली, आणि तिला ते किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक.

मुहूर्त आला. विठ्ठलरावांनी घड्याळ बघितलं, टोपी सरळ केली, रांगेला वळसा घालून सरळ आत. "या, या," साहेब म्हणाले. नाव वाचलं. शाईवाल्यानं हात धरला आणि मार्कर पुन्हा तसाच अर्धवट उघडा राहिला.

आत शहादेवच्या बाजूनं परमेश्वर नावाचा पोरगा एजंट म्हणून बसला होता. तरणाताठा, बोलायला कमी. तो फक्त म्हणाला, "साहेब, बोट बघा."

विठ्ठलरावांनी बोट बघितलं. पहिल्यांदाच. तोंड उघडं राहिलं.

"अहो, हे ते... ते पाणी," साहेब घाईनं म्हणाले. "मघाशी लावलेलं. मी स्वतः बघितलंय. काही हरकत नाही. द्या त्यांना."

त्या वाक्यासाठी साखराबाई पायरीवर बसली होती, असं मला आता वाटतं. दारातला पोलीस वळायच्या आत ती आत होती, आणि तिनं विठ्ठलरावांचं मनगट धरलं. लोकर कातरताना मेंढ्याचा पाय धरतात ना, तसं. त्या पकडीतून मेंढा सुटत नाही, सरपंच काय सुटणार?

"त्याचं बघितलं!" ती गरजली, आणि शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "त्याचं पानी, अन् माझी शाई? त्याचं बोट मानसाचं, अन् माझं काय मेंढराचं खूर हाय? एकाच बाटलीतलं हाय, एकाच ब्रशाचं हाय! त्याला 'या, या' अन् मला 'तुमचे लोक'! आता सांगते तुला नियम. आत जायचं तर दोघं. ऱ्हायचं तर दोघं भाईर."

"बाई, सोडा त्यांना. मी तक्रार करीन."

"कर. माझं नाव यादीत हाय, मोठ्यानं वाचून कर."

साहेबांनी वरच्या साहेबांना फोन लावला. लागेना. बाहेरच्या रांगेतली धनगराची माणसं दारात येऊन उभी राहिली, मग बाकीचीही. दार गच्च भरलं. कासम मागून ओरडत होता, "साब, बराबर बोलतेय! मीच लावलं, मी कसम खातो!" विठ्ठलराव एका हातानं घड्याळ बघायला जात होते, पण घड्याळ त्याच हाताला होतं जो तिच्या मुठीत होता. मान वाकडी करून त्यांनी कसंबसं बघितलं. कपाळावरून घामाची धार लागली.

"साहेब," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "घ्या हो तिचं! आधी घ्या तिचं! औषिधच हाय ते, मी सांगतो ना! मुहूर्त चाललाय माझा!"

आपल्याच विरोधातलं मत आधी घ्या म्हणून हात जोडणारा उमेदवार मी त्याआधी बघितला नव्हता, आणि हात तरी कुठं जोडता येत होते, एक तिच्याकडं होता.

साहेबांनी कपाळ पुसलं. "वाचा नाव," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," साखराबाई म्हणाली.

"साखराबाई म्हाळू देवकते!"

तिनं मनगट सोडलं. शाईवाल्यानं विचारलं, कुठल्या बोटाला लावू? तिनं मधलं बोट पुढं केलं. मग खोक्यामागं गेली. मशीनचा आवाज आला, लांबलचक. ती बाहेर आली ती तितकीच रागात, गेली होती तशी. रुक्मिणीबाईसमोर थांबली, दोन्ही काळी बोटं तिच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "ह्यातलं कोनतं विकलं? सांग."

रुक्मिणीबाई म्हणाली, "मी कुठं काय म्हनलं आक्का?" आणि ही बाई आयुष्यात पहिल्यांदाच इतकं कमी बोलली.

विठ्ठलरावांनी मुहूर्त साधला की हुकला यावर अजून वाद आहे. निवडून मात्र आले. चांगल्या भरभक्कम मतांनी आले, गुलाल उधळला, शहादेव घरी जाऊन झोपला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी साखराबाई माजलगावाकडं निघाली तेव्हा फाट्यावर कुणीतरी म्हणालं, "आक्का, एवढा तमाशा करून काय फायदा झाला? हरलाच की शहादेव."

ती अशी फिरली की तो माणूस टपरीच्या आत गेला. "मी शहादेवला जितवाया आलते का? मी मत द्याया आलते. माझं अन् त्या मुक्याचं. फायदा इचारतो मेला! तुझ्या आईनं तुला जन्माला घातलं तवा फायदा इचारला व्हता का?"

पुढं ग्रामसभा बसली. विषय गायरानाचा, सोलारच्या प्लेटांचा. साखराबाई त्यासाठी पुन्हा माजलगावाहून आली आणि पंचायतीच्या ओसरीवर अगदी पुढं, विठ्ठलरावांच्या समोर जाऊन बसली. विठ्ठलराव डावा हात मांडीखाली घेऊन बसले होते. त्यांनी पाण्याच्या टाकीचं बोलणं काढलं, गटारीचं काढलं, शाळेच्या पत्र्याचं काढलं. साखराबाई त्यांच्याकडं बघत होती. मग त्यांनी दिवाबत्तीचं काढलं, पुन्हा टाकीचं काढलं, आणि सभा संपली असं जाहीर केलं.

गायरानाचा शब्दही निघाला नाही. लोक उठून चालू लागले. साखराबाई जागची हलली नाही, आणि तिचा आवाज पार वेशीपर्यंत गेला:

"अरे एवढ्या लांबून भांडायला आले मी! गाडीभाडं कोन देनार? काढ की गायरानाचं! कावून काढत न्हाईस?"